३२ जीबीतला संसार

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ चं १३ करायला बसलो. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात; १३ ची ट्रिक्सी म्हणजे निळी डायनासोर. आणि माझी डिस्क अवघी ३२ जीबीची, त्यात रिकामे जेमतेम २. डायनासोर बसवणार कुठे?

मग माळा आवरायला घेतला. ‘एपीटी क्लीन’ म्हटल्यावर कॅशमधली उतरवलेली पॅकेजं गेली. ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढले, पण चालू आणि त्याआधीचा असे दोन राहू दिले. नवा रुसला तर जुन्याच्या दारात जाता येतं. लॉगच्या नोंदी ५० एमबीवर आणल्या. लिबरऑफिसचे कधीही न उघडलेले भाषासंच सापडले. आई रिकामी खोकी ‘लागतील’ म्हणून जपते, तिला मी कशाला हसतो?

तरी जागा पुरेना. शेवटी पेनड्राइव्ह ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून एपीटीच्या कॅशच्या जागी माउंट केला, म्हणजे डाउनलोडचा सगळा पसारा तिकडे. आधी साधा अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. मध्ये एकदा वीज लुकलुकली, तेव्हा माझाच श्वास अडकला.

पावणेदोनला रीबूट. सुरू झाला. शिल्लक ९०० एमबी. बॅकअप मात्र घेतलेलाच नव्हता.