एका सहीची गोष्ट

ता. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां कल्याणांतील आमच्या इमारतीच्या सज्जांतून टाळ्या-थाळ्यांचा एकच गजर झाला. करोनाच्या सांथींत जिवावर उदार होऊन रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांविषयींची ती कृतज्ञता होती. मींही देवघरांतील घंटा वाजविली.

दोन महिन्यांच्या आंतच त्या कृतज्ञतेची परीक्षा झाली. वरच्या मजल्यावरील एक परिचारिका मुंबईच्या रुग्णालयांत कामास जाई. लोकल गाड्या बंद. पहाटे बसनें निघून ती रात्रीं परते. 'तिनें तिकडेच राहावें' असें पत्र कांहीं गृहस्थांनीं तयार केलें, व वडीलधारा म्हणून पहिली सही माझी घेतली. घरांत नव्वदीला टेकलेल्या मातोश्री आणि लहान नातू. एवढें कारण मला पुरेसें वाटलें. पत्र वाचून ती इतकेंच म्हणाली, "गुरुजी, पहाटे ड्यूटी आहे, सामान उद्यां नेलें तर चालेल ना?"

त्या रिकाम्या दिवसांत १८९७ सालच्या प्लेगची हकीकत पुन्हां वाचनांत आली. डॉ. यशवंतराव फुल्यांनीं पुण्याबाहेर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांस तेथें आणीत. एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवरून आणलें, संसर्ग झाला, आणि १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. मुलींस शिकवितात म्हणून याच बाईंवर पूर्वीं शेण फेकणाऱ्यांत आपल्याच समाजाचे हात होते, हें आपण विसरूं नये.

सांथरोगांचा कायदाही त्याच १८९७ सालचा. एप्रिल २०२० मध्यें वटहुकुमानें त्यांत दुरुस्ती झाली, व आरोग्यसेवकांस राहत्या जागीं उपद्रव देणें हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत. शेजारधर्मानें व्हावयाचें तें कायद्यानें करून घेण्याची वेळ आली होती, आणि शेजारधर्म मोडणाऱ्यांत पहिलें नांव माझें होतें!

कांहीं आठवड्यांनीं ती परतली, तेव्हां जिना चढून मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "भय सर्वांनाच होतें, गुरुजी. मलाही होतें."

अशीं माणसें मुळांतच निर्भय असतात, असा माझा जन्मभराचा समज होता. शाळेंतही मीं तसेंच शिकविलें. वस्तुतः भय तिचें व माझें सारखेंच होतें. तें घेऊन ती रोग्यांकडे गेली. मीं त्यापायीं सही केली.