दाभोळच्या बंदरात

'बंदर' हा शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला, तेव्हा सातवीचा सगळा वर्ग हसला होता. उर्दूत बंदर म्हणजे माकड. मराठीत मात्र जहाजे जिथे येऊन थांबतात त्या जागेला बंदर म्हणतात. हा शब्द मुळात फारसी आहे. उर्दूत आपण ज्याला बंदरगाह म्हणतो, तेच हे बंदर.

मुले हसली यात नवल नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, समुद्र कुठे आहे? आपल्याकडे तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळू आणि गोटेच दिसतात. त्यांचे पाणी पुढे गोदावरीला किंवा भीमेतून कृष्णेला मिळते आणि दूर पूर्वेच्या समुद्रात जाते. म्हणजे आपले पाणी समुद्र पाहते, आपण पाहत नाही.

आमच्या घरात समुद्र फक्त माझ्या दादीने पाहिला होता. पूर्वी हाजी लोक मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. १९९५ पर्यंत अशी जहाजे सुटत होती. दादी त्या जहाजाने गेली होती. मुंबईच्या मुसाफिरखान्यात घालवलेल्या रात्री, मग आठवडाभर चारी बाजूंना पाणीच पाणी, पहिले दोन दिवस आलेली चक्कर, रात्री डेकवर बसून केलेली तस्बीह, हे सगळे ती आम्हा मुलांना सांगत असे. आम्ही ऐकता ऐकता झोपून जात असू. माझी अम्मी मात्र हातातले काम थांबवून ऐकायची.

अम्मी आणि अब्बांनीही हजसाठी पैसे साठवले होते. अब्बा गवंडीकाम करत. पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली, एका पिशवीत ते पैसे असत. मला बी.एड.ला प्रवेश मिळाला त्या वर्षी ती पिशवी रिकामी झाली. माझी फी, शहरातली खोली, खानावळ, पुस्तके यांत ते पैसे गेले. घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही. आता अब्बा नाहीत. मी नोकरीला लागून काही वर्षे झाली, पिशवीही पुन्हा भरू लागली आहे. पण अम्मीचे गुडघे दुखतात. मागच्या हिवाळ्यात ती एकदा सहज म्हणाली, "हजचे अल्लाह बघेल. पण मला एकदा जहाजात तरी बसव."

मी तिला दाभोळला नेले.

मुंबईला का नेले नाही, असे तुम्ही विचाराल. मुंबईला समुद्रापेक्षा माणसेच जास्त दिसतात. शिवाय दाभोळचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. तो पुढे सांगते. दाभोळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले लहानसे गाव आहे. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या उत्तर काठावर ते वसले आहे. दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात, धोपावे नावाचे गाव आहे. या दोन गावांमध्ये २००३ पासून फेरीबोट चालते. माणसे, मोटारसायकली, जीप, सगळे तिच्यावर चढते. ती नसती तर चिपळूणकडून फार मोठा वळसा पडला असता.

बार्शी, पंढरपूर, कराड, पाटण असा आमचा रस्ता होता. एस.टी. बदलत गेलो. पाटणनंतर डोंगर सुरू झाले आणि कुंभार्ली घाटात अम्मीने खिडकीची दांडी घट्ट धरली. घाट उतरताना मी तिला कोयनेची गोष्ट सांगितली. कोयना नदी खरे तर कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाणारी. पण कोयना धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे खाली पाडतात. त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठी नदीत सोडतात. वर्षाला सुमारे ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे वळवण्याची मुभा आहे. ते दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते.

अम्मी काही वेळ गप्प बसली. २०१६ च्या उन्हाळ्यात तिने टँकरच्या रांगेत पहाटे घागरी लावल्या होत्या. त्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ती म्हणाली, "म्हणजे वीज आपल्या घरात येते आणि पाणी इकडे जाते." मी शिक्षिका आहे, पण यावर मला उत्तर सुचले नाही.

धोपाव्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बोट काठाला लागली. तिची पुढची लोखंडी फळी खाली आली, गाड्या खडखडत उतरल्या आणि मग आम्ही चढलो. अम्मीने पाय ठेवण्यापूर्वी बिस्मिल्ला म्हटले. एका खलाशाने "मावशी, इकडे बसा, वारा लागेल" म्हणून कडेचा बाक दाखवला. इंजिनाचा आवाज वाढला आणि धोपाव्याचा काठ मागे सरकू लागला. पश्चिमेला खाडीचे तोंड उघडे होते आणि त्यापलीकडे समुद्र चकाकत होता. दक्षिणेच्या टेकडीवर अंजनवेलचा गोपाळगड आहे. त्याच बाजूला विजेचा मोठा प्रकल्प आहे. १९९० नंतरच्या दशकात हा प्रकल्प देशभर गाजला, तो दाभोळच्या नावाने. प्रकल्प या काठावर आणि नाव त्या काठावरच्या गावाचे! असो.

बोटीवर माझे कान शब्दांकडे होते. तुम्हाला मराठी कठीण वाटते ना? मग ऐका. खलाशी, जहाज, दर्या, बंदर हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. बोटीच्या मालकाला किंवा प्रमुखाला इकडे नाखवा म्हणतात. तो उर्दूतला नाखुदाच. पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांना मोसमी वारे म्हणतात. मोसम म्हणजे आपला मौसम. आणि एक शब्द असा आहे की तो ऐकून आपल्याकडचा कोणताही शेतकरी थबकेल. जहाज एका जागी थांबवण्यासाठी जो लोखंडी आकडा पाण्यात टाकतात, त्याला उर्दूत लंगर म्हणतात. मराठीत त्याला म्हणतात नांगर. शेतातही नांगर आणि समुद्रातही नांगर! अम्मीला हे फार आवडले. "आमचा नांगर जमीन फाडतो, यांचा जमीन धरून ठेवतो," ती म्हणाली.

दहा-पंधरा मिनिटांत दाभोळ आले. खरे सांगायचे तर पहिल्या नजरेत ते मोठे बंदर वाटत नाही. मासेमारीच्या होड्या, वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास, कौलारू घरे, नारळी. एक अरुंद रस्ता काठाकाठाने जातो. गावात चंडिकादेवीचे भुयारातले देऊळ आहे, तिथेही लांबून माणसे येतात.

पण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी हे दख्खनचे मोठे दार होते. अरबस्तान, मिसर आणि खुरासानचे घोडे इथे उतरत. इथून कापड आणि मसाले जात. इराणच्या गिलान प्रांतातला व्यापारी महमूद गवान १४५३ साली इथेच जहाजातून उतरला आणि बिदरला गेला. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला. बिदरचा प्रसिद्ध मदरसा त्याचाच. आपल्या जिल्ह्यातला परांड्याचा किल्लाही त्यानेच बांधवला असे सांगतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी परांड्याच्या तटावर चढून तोफा पाहिल्या असतील. त्या किल्ल्याच्या गोष्टीची सुरुवात या धक्क्यावर होते. रशियाचा प्रवासी अफनासी निकितिन यानेही पंधराव्या शतकात परत जाण्यासाठी याच बंदरात जहाज धरले.

पुढे दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. आपले नळदुर्गही त्यांच्याकडेच होते. नळदुर्गचा पाणीमहाल, ज्याच्या अंगावरून बोरी नदी धबधबा होऊन पडते, तो १६१३ मधला, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. म्हणजे नळदुर्ग आणि दाभोळ ही एकाच राज्याची दोन टोके होती. एकीकडे कोरड्या मुलखात अडवलेले पाणी आणि दुसरीकडे हे उघडे पाणी.

त्याहून जुनी गोष्ट तेरची. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात तेरचे नाव 'तगर' असे येते. तगरचे कापड गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोचच्या बंदराला नेत आणि तिथून ते जहाजात चढे. तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई या शहरात सापडली, जे सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेरला सहल गेली तर त्या मूर्तीसमोर जरा थांबा. आपल्याला समुद्र नाही, असे मी वर लिहिले. ते भूगोलापुरते खरे आहे.

दाभोळचे दिवस पालटले. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळले. १६६१ च्या कोकण मोहिमेत शिवाजी महाराजांनी ते घेतले. व्यापार सुरतेला आणि मग मुंबईला गेला. नंतरच्या काळात मुंबईची आगबोट इथे थांबत असे, तीही बंद झाली. आता ये-जा करते ती फेरीबोट.

धक्क्यापासून थोडे चालले की काठावरच मशीद दिसते. काळ्या दगडाची, मोठा घुमट, चार मिनार, थेट विजापूरची आठवण देणारी. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. आम्ही वजू केले, नमाज पढलो आणि बाहेर सावलीत बसलो. जवळच्या घरातून एक वृद्ध बाई पाणी घेऊन आल्या. त्या अम्मीशी बोलू लागल्या आणि अम्मी माझ्याकडे पाहू लागली. बाई मुसलमान होत्या आणि त्यांची बोली मराठी होती! कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांत हीच कोकणी बोली आईच्या तोंडून मुलाला मिळते. अम्मीला मराठी म्हणजे बाजाराची आणि कचेरीची भाषा वाटे. तिने आपल्या मंडईतल्या मराठीत उत्तरे दिली. दोघींचे छान जमले. बाईंच्या घरचे पुरुष पूर्वी आगबोटीवर होते, आता मुले आखातात आहेत. गुडघ्यांना कोणते तेल लावावे इथपर्यंत बोलणे गेले.

मशिदीची कथा त्यांनीच सांगितली. १६५९ च्या सुमाराची ही कथा. विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला निघाली. लवाजमा आणि लाखो रुपये घेऊन ती दाभोळला आली. पण समुद्र सुरक्षित नव्हता. जहाज निघेना. दिवसामागून दिवस गेले. शेवटी जाणत्यांनी सल्ला दिला की, हा पैसा अल्लाहच्या कामी लाव. तिने ही मशीद बांधवली.

"मग ती हजला गेली की नाही?" अम्मीने विचारले.

"नाही गेली, असेच म्हणतात."

अम्मीने मान वर करून घुमटाकडे बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे बोट दाखवून ती त्या बाईंना म्हणाली, "तिच्या पैशांची मशीद झाली. माझ्या पैशांची ही मास्तरीण झाली."

बाई खळखळून हसल्या. मला हसावे की काय करावे ते कळेना, म्हणून मी चपला शोधू लागले. इतक्या वर्षांत त्या पिशवीबद्दल घरात बोललेले हे पहिले वाक्य होते.

परत निघालो तेव्हा ऊन उतरले होते आणि भरती चढत होती. दुपारी उघडा पडलेला चिखल आता पाण्याखाली गेला होता. बोट धोपाव्याला लागली, गाड्या उतरल्या, माणसे उतरली. अम्मी उठेना. खलाशी म्हणाला, "मावशी, आले धोपावे."

"परत जाणार ना ही?"

"जाणार."

"मग चालू द्या," अम्मी म्हणाली, आणि मला तिकिटे काढायला पाठवले.

आम्ही पुन्हा दाभोळला गेलो आणि उतरलो नाही. पुन्हा धोपाव्याकडे निघालो. या तिसऱ्या फेरीला सूर्य खाडीच्या तोंडाशी आला होता. अम्मीने पर्समधून तस्बीह काढली होती आणि वाऱ्याने पदर उडू नये म्हणून तो दातांत धरला होता. काठावर चिपळूणची एस.टी. दिवे लावून उभी होती. तिने मला विचारले, "तुझ्या दादीच्या जहाजाचा आवाज असाच असेल का गं?" मी म्हटले, "याहून मोठा असेल." ती म्हणाली, "मोठा असेल, पण असाच असेल," आणि मग उतरायला उठली.