हाताला लागणारी खरखर

गाडीचा रंग डोळ्यांनी तपासायचा नसतो, हाताने तपासायचा असतो, हे आम्हां भावांना अब्बांनी शिकवलं. धुऊन पुसून उन्हात उभी केलेली गाडी कुणालाही स्वच्छच दिसते. पण प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवली की खरी गोष्ट कळते. वाळूच्या कागदावरून हात जावा तशी खरखर लागते. नुसत्या बोटांना ती तितकी कळत नाही, पिशवीतून कळते. अब्बांच्या काळी यासाठी सिगारेटच्या पाकिटावरचा चकचकीत पातळ कागद वापरत. अब्बांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, पण त्यांच्या खिशात तो कागद हमखास सापडायचा आणि त्यावरून अम्मीने त्यांना कितीतरी वर्षं सुनावलं.

आमचं घर डेंटिंग-पेंटिंगवर चाललेलं. गॅरेज म्हटलं की आपल्या लोकांची नावं पुढे येतात. मेकॅनिक, वेल्डर, पेंटर, गादीवाला, रेडिएटरवाला. सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालात मुस्लिमांत स्वतःचा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याची नोंद आहे. आमच्या मोहल्ल्यात ती नोंद घ्यायला समिती नेमायची गरज नव्हती. 'शिकला नाही म्हणून गॅरेजला घातला,' असं इथे सर्रास बोललं जातं. गॅरेजमध्येही शिकावं लागतं आणि तिथे नापास झालेला पोरगा लपून राहू शकत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही.

अब्बा सत्तरच्या दशकात चिपळूणहून मुंबईला गेले आणि कुर्ल्याच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली राहिले. काम टॅक्सीचं. प्रीमिअर पद्मिनी, काळी-पिवळी. तिचा कारखानाही कुर्ल्यातच होता. पासिंगच्या आधी टॅक्सी रंगवायला येई. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी भरायची, ती सुकली की वॉटर पेपरने पाणी मारत घासायची, मग प्रायमर, मग रंगाचे हात. तेव्हाचा लॅकर रंग गनमधून उडाला की सुकल्यावर मंद, धुरकट दिसे. त्याला चमक यायची ती घासून. आधी बारीक पेपर, मग कम्पाउंड, मग पॉलिश, आणि हे सगळं हाताने, सुती फडक्याच्या बोळ्याने. काळा रंग सगळ्यात दुष्ट. पिवळ्या टपावर खपून जाणारी चूक काळ्या दरवाजावर दुपारच्या उन्हात ओरडून सांगते. पहिली दोन वर्षं उस्तादांनी अब्बांच्या हातात गन दिली नाही, फक्त पेपर दिला. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की पुढे म्हातारपणी आधारच्या मशीनवर ठसा उमटेना.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अब्बांनी बातमी वाचली आणि म्हणाले, "पत्रा होता तो. आता आहे ते पापड."

पत्र्याचं राहू द्या, रंग मात्र खरोखरच बदलला. आजच्या गाडीवर गंज अडवणारा प्रायमर, त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर असे थर असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला तर दोन केसांइतकी जाडी. त्यातला क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. चमक असते ती या क्लिअरची, आणि आपण पॉलिश करतो म्हणजे हाच क्लिअर थोडा थोडा खरवडून काढतो. हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर पटत नाही. त्याला वाटतं, पॉलिश म्हणजे काहीतरी वरून लावायची वस्तू. वरून लावतात ते मेण, वॅक्स. पॉलिश काढून घेतं. ओरखड्याच्या दोन्ही कडा झिजवून त्याच्या तळाशी आणतं, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक गाडीच्या नशिबात पॉलिशच्या ठरावीकच वेळा असतात. लॅकरच्या काळात खरडलेलं पुन्हा चढवता येई, रंग डब्यात तयार असे. आता कंपनीचा थर एकदा गेला की गेला.

म्हणून क्ले आम्हांला मोलाची वाटते. आमचा एक मामेभाऊ शारजाला गाड्या धुण्याच्या कामावर होता. २००८ साली सुटीवर आला तेव्हा साबणाच्या वडीसारखी निळी वडी घेऊन आला. आम्ही तिला माती म्हटलं, कारण क्लेला दुसरं काय म्हणणार? ती माती नाही. चिकट, रबरासारखं द्रव्य आणि त्यात मिसळलेली घासणारी अतिशय बारीक पूड. जपानच्या तादाओ कोदाते यांच्या नावावर १९९५ साली तिचं अमेरिकन पेटंट झालं. त्यात तिला घासायचा लवचीक दगड म्हटलं आहे, आणि ते नाव जास्त खरं आहे.

क्ले रंगाला हात लावत नाही, रंगावर चिकटलेल्याला लावते. रेल्वे स्टेशनाबाहेर रोज उभ्या राहणाऱ्या गाडीवर रुळांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ बसते. एकेक कण क्लिअरमध्ये रुततो, गंजतो, आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. शेजारी कुणी ग्रिलला स्प्रे मारला तर त्याचे तुषार बसतात. आंब्याखाली लावलेल्या गाडीवर चीक बसतो. हे धुऊन जात नाही. आधी गाडी नीट धुवायची. आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ अंगावर असताना क्ले फिरवणं म्हणजे गाडीला रेगमाल लावणंच. डांबराचे शिंतोडे आधीच रॉकेलच्या बोळ्याने काढायचे. गाडी सावलीत, पत्रा गार. वडीचा अर्धा तुकडा हातात मळून चपटा करायचा. अम्मीने पाहिलं तेव्हा म्हणाली, "उकड मळता येत नाही तुम्हांला आणि हे बरं येतं!" मग शाम्पूचं पाणी भरपूर मारायचं. फणस कापताना हाताला तेल लावतात त्यातलाच प्रकार, ओलावा नसेल तर क्ले रंगालाच चिकटते. दोन फूट लांब-रुंद जागा घ्यायची, वजन न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायची. गोल नाही. सुरुवातीला ती अडखळते, खसखस आवाज येतो, आणि मग एका क्षणी आवाज बंद होतो आणि ती काचेवर सरकावी तशी सरकते. तुकडा उलटून बघितला की काळा-तपकिरी मळ. घडी घालायची, पुन्हा मळायची, स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकायचा. खडा शिरलेला दिसत नाही, गाडीवर उमटल्यावर दिसतो.

एवढं करूनही क्ले ओरखडे काढत नाही, हे आधी सांगून ठेवावं लागतं. उलट मऊ रंगावर स्वतःची हलकी धूसर खूण सोडते. त्यानंतर बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स. चांगलं वॅक्स कार्नौबाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून निघतं. ओरखड्यांचं म्हणाल तर त्यातले बहुतेक रोज सकाळी इमारतीत गाड्या पुसणाऱ्याच्या कोरड्या फडक्याचे असतात. दहा गाड्या, एक बादली, एक फडकं. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात त्या याच. त्या गरिबाला आम्ही दोष देत नाही, महिन्याला हातावर ठेवतात तेवढ्यात तो दुसरी बादली कुठून आणणार?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात शिरली. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, पण हे पाणी काही और होतं. बाजारपेठेत ते कितीतरी ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं. आमचा कम्प्रेसर, दोन्ही बफिंग मशिनी, रंगाचे डबे सगळं चिखलात गेलं. पाणी उतरल्यावर रस्त्यांवर गाड्या आडव्या-तिडव्या पडलेल्या, एकावर एक चढलेल्या. विमा कंपन्यांचे सर्व्हेअर आले, 'टोटल लॉस' लिहून गेले, आणि त्या गाड्या लिलावात बाहेर गेल्या.

सप्टेंबरमध्ये जुन्या गाड्यांचा एक व्यापारी, या शहरातला नव्हे, तीन गाड्या घेऊन आला. इंजिन त्याने दुसरीकडे करून घेतलं होतं. आतल्या गाद्या बदललेल्या, सुगंधी बाटली लटकवलेली. आमच्याकडे त्याला हवं होतं ते बाहेरचं काम. क्ले, पॉलिश, वॅक्स, हेडलाइटची काच पिवळी पडलेली तीही घासून. पैसे रोख आणि निम्मे आगाऊ. त्या महिन्यात ती रक्कम आम्हांला किती मोठी होती ते सांगायला नको. मशिनी उसन्या आणलेल्या होत्या.

आमच्यातच दोन मतं पडली. धाकट्याचं म्हणणं असं, की आपण रंगाचं काम करतो, इंजिनाचं नाही. रंग पाण्याने बिघडलेला नाही. वरचा गाळ काढला की तो खरोखर चांगला आहे, मग त्यात खोटं काय? घेणाऱ्याने आपलं बघून घ्यावं. हे म्हणणं लेचंपेचं नव्हतं, अजूनही आम्हांला ते तसं वाटत नाही. थोरल्याचं म्हणणं, चमकवल्याशिवाय ही गाडी विकली जाणार नाही, म्हणूनच तो आपल्या दारात उभा आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याची हदीस जुम्याच्या बयानात आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ती त्या दिवशी कुणी बोलून दाखवली नाही, पण ती तिथे होती.

अब्बा सत्तरीच्या पुढे गेलेले, गॅरेजात नुसते येऊन बसत. ते उठले, पहिल्या गाडीचा दरवाजा उघडला आणि सीट बेल्ट ओढायला लागले. ओढत ओढत पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखल वाळून बसला होता. तिथे कुणी साफ करत नाही, कारण तिथवर कुणी पट्टा ओढत नाही. त्यांनी बेल्ट सोडला, तो अर्ध्यावर अडकून राहिला. अब्बांनी हात धुतले आणि असरच्या नमाजला निघून गेले. आम्हांला एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही व्यापाऱ्याला सांगितलं की काम करू, पण बिल देऊ, आणि बिलावर गाडीचा नंबर घालून 'पुरात बुडालेली गाडी' असं लिहू. तो हसला. म्हणाला, "उस्ताद, बिल मागितलंय कुणी?" गाड्या घेऊन गेला. त्या महिन्यात आम्ही फ्रीजची दारं आणि लोखंडी कपाटं रंगवली. पुराने ते काम पुष्कळ दिलं होतं.

पुढे जानेवारीत त्या तिघींपैकी एक आमच्या शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ओढून आणलेली पाहिली. नंबर लक्षात होता. घेणारा सौदीत अकरा वर्षं ड्रायव्हर होता, परत येऊन स्वतःची गाडी भाड्याने लावायची म्हणून घेतलेली. वायरिंगचे जोड आतून हिरवे पडले होते. आम्ही सवयीने बॉनेटवरून हात फिरवला. काम स्वच्छ होतं, खरखर कुठेही नव्हती. कुणीतरी चांगल्या कारागिराने केलेलं. त्याने विचारलं, "रंग तुम्ही केला का?" आम्ही नाही म्हणालो. मग त्याला चहा पाजला आणि सीट बेल्ट कसा बघायचा ते दाखवलं, पुढच्या वेळेसाठी. तो बराच वेळ तो पट्टा हातात धरून बसला होता.

हल्ली गिऱ्हाइकं सिरॅमिक कोटिंग मागतात, पारदर्शक फिल्म मागतात. आम्ही शिकलो आहोत, करतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्रही घेतलं आहे. धाकट्याचा मुलगा ते बॉनेटवर टेकवतो आणि आकडा ओरडून सांगतो. परवा एका निवृत्त शिक्षकांनी जुनी मारुती आणली, दर ईदला नि दर दिवाळीला कुणाकडून तरी पॉलिश करून घेतलेली. टपाच्या कडेला आकडा आला ६२. क्लिअर जवळजवळ संपलेला. पुन्हा मशीन लावली असती तर खालचा रंग उघडा पडला असता. त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग आता?" आम्ही म्हटलं, "गुरुजी, क्ले हलकी फिरवतो, वॅक्स लावतो. पॉलिश नाही." त्यांनी विचारलं, पैसे कमी होतील ना? होतील, म्हटलं. मग ते बाकावर बसले आणि पेपर वाचायला लागले.