उघड्या दाराचा अन्वयार्थ

लुई बुन्युएलचा ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ (१९६२) हा मेक्सिकोत निर्माण झालेला चित्रपट मी आजवर चार वेळा पाहिला आहे. पुन्हा पाहिल्याने कोडे उलगडते, असा आपला सर्वसाधारण अनुभव असतो. येथे मात्र दर वेळी कोड्याची जागाच बदलते.

कथानक सांगावयास सोपे आहे. संगीतिकेचा प्रयोग पाहून आलेले धनिक पाहुणे नोबिले दांपत्याच्या हवेलीत जेवतात, दिवाणखान्यात पियानोवादन ऐकतात आणि मग कोणीच निघत नाही. वाट मोकळी असते. अडवणारे कोणी नसते. दिवस लोटतात. भिंत फोडून नळाचे पाणी मिळवले जाते, हवेलीत आणलेल्या मेंढ्या मारून खाल्ल्या जातात, माणसे मरतात. नोकरचाकर मात्र, मुख्य सेवकाचा अपवाद वगळता, आधीच निघून गेलेले असतात.

या संहितेचा रूढ अन्वयार्थ वर्गीय आहे : आपल्याच शिष्टाचारात कोंडलेल्या अभिजनवर्गाचे हे रूपक होय. नोकरांचे जाणे आणि अखेरीस रस्त्यावर होणारा गोळीबार यांमुळे त्याला पुष्टी मिळते. २०२० च्या टाळेबंदीत त्याला आणखी एक अर्थ चिकटला. परंतु टाळेबंदीत दार आदेशाने बंद होते, आणि येथे ते उघडे असणे हाच चित्रपटाचा गाभा आहे. वर्गीय अन्वयार्थाला आधार आहे, यात शंका नाही; मात्र तो स्वीकारताच प्रेक्षक खोलीबाहेर, सुरक्षित जागी जाऊन उभा राहतो. बुन्युएलने त्या जागेचाही विचार केलेला आहे. हवेलीबाहेर पोलीस आणि बघ्यांची गर्दी जमते, आणि त्यांच्यापैकीही कोणाला आत पाऊल टाकता येत नाही.

तिसऱ्यांदा चित्रपट पाहताना मला माझ्या वडिलांची आत्या आठवली. तिला लहान वयात वैधव्य आले होते. पाहुणे आले की ती ओसरीवर येत नसे. तिच्या उतारवयात तिला अडवणारे घरात कोणी उरले नव्हते. उलट भाचेच “आत्या, बाहेर ये ना” म्हणून आग्रह करीत. ती माजघराच्या उंबरठ्यापर्यंत येई आणि “नको रे, इथंच बरं आहे” म्हणून थांबे. ‘रूढी’ हा शब्द उच्चारला की कारण सापडल्यासारखे वाटते. पण पाऊल नेमके तेथेच का थांबते, हे त्या शब्दाने कळत नाही. दिवाणखान्यातील पाहुणेही अशाच किरकोळ, सभ्य सबबी सांगतात.

म्हणूनच सुटका कशी होते, हे महत्त्वाचे ठरते. चित्रपटभर पुनरावृत्ती आहे. पाहुण्यांचा प्रवेश दोनदा दिसतो. यजमान मद्याचा प्याला उंचावून तेच गौरवाचे शब्द दोनदा बोलतो. पहिल्यांदा प्रतिसाद मिळतो, दुसऱ्यांदा कोणी लक्षही देत नाही. ही सवयीची पुनरावृत्ती माणसांना कोंडते. पुढे लेतिसियाच्या ध्यानात येते की, सर्वजण योगायोगाने त्या पहिल्या रात्रीच्याच जागी आहेत. पियानोवादन पुन्हा होते, तेव्हाचे बोलणे आठवून आठवून उच्चारले जाते आणि पावले दाराकडे वळतात. ही स्मरणपूर्वक केलेली पुनरावृत्ती होय.

लेतिसियाची कृती मला वाचनाचीच कृती वाटते. ‘हे कशाचे प्रतीक?’ असा प्रश्न तिला पडत नाही. कोण कोठे होते, एवढेच ती पाहते. माझ्या आत्याआजीला अशी लेतिसिया लाभणे शक्य नव्हते. ती पहिल्यांदा उंबरठ्याशी थांबली, तेव्हा ओसरीवर कोण बसले होते, कोण काय बोलले, हे घरात कोणाच्याच स्मरणात उरले नव्हते. स्मृती पुसली गेली होती आणि सवय तेवढी शिल्लक होती.

बुन्युएल या समाधानावरही आपल्याला विसावू देत नाही. सुटलेली माणसे कृतज्ञतेच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमतात आणि प्रार्थना संपल्यावर तेथेच अडकतात. या वेळी धर्मगुरूंसह. मेंढ्यांचा कळप चर्चमध्ये शिरतो. दिवाणखान्यात सापडलेली युक्ती येथे कोणाला आठवत नाही. समीक्षेचे अध्यापन करताना हा शेवट मला अस्वस्थ करतो. एका वाचनात हाती आलेला अन्वयार्थ दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सिद्धान्त म्हणून सांगितला, की त्याचाही विधी होतो. म्हणून वर्गात चित्रपट दाखवून झाल्यावर मी पहिला प्रश्न अर्थाविषयी विचारत नाही; पियानो वाजत होता तेव्हा कोण कोठे बसले होते, एवढेच विचारतो.