तार कुठपर्यंत येते?

कोथरूडचं घर सोडून तळेगाव दाभाड्याला राहायला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, अशी सगळी विचारपूस केली. माझा पहिला प्रश्न इंटरनेटचा होता. मी गाणं शिकवते. माझे निम्मे विद्यार्थी न्यू जर्सी आणि मेलबर्नमधल्या मराठी घरांतली मुलं आहेत. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळ सरत आलेली असते, शाळा-गृहपाठ आटोपून मुलं तंबोरा लावून बसलेली असतात. त्या तासाला नेट गेलं तर त्यांचा आठवडा वाया जातो.

कंपन्यांचे फलक १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस असे आकडे मोठ्या अक्षरात लिहितात. गाण्याच्या वर्गाला एवढं लागतच नाही. चांगल्या चित्रासकट वर्ग दोन-चार एमबीपीएसमध्ये होतो. लागतं ते सातत्य, आणि आपल्याकडून पलीकडे जाणारा वेग, म्हणजे अपलोड. तारेच्या फायबरवर तो बहुतेक वेळा डाउनलोडइतकाच मिळतो. छतावर अँटेना लावून हवेतून येणाऱ्या नेटमध्ये मात्र तो बराच कमी असू शकतो. म्हणून तो पर्याय मी आधीच बाजूला ठेवला.

सातत्य का, तर मींडेसाठी. मध्यमावरून गंधारावर सलग घसरत उतरणारी मींड मध्येच तुटली, तर मुलाला दोन सुटे स्वर ऐकू येतात. ते मूल तेच घोकतं, आणि पुढच्या वर्गात मला ते पुसून काढावं लागतं. मोठ्या माणसाला सांगता येतं की नेट अडकलं होतं. आठ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात ते बसून जातं.

एक गोष्ट मात्र कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इथून न्यू जर्सी सरळ रेषेत मोजलं तरी बारा हजार किलोमीटरच्या पुढे, आणि समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत. जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतातच. एवढ्या विलंबात दोघांनी एकत्र सूर लावणं जमत नाही. मी गायचं, मग तिनं गायचं. जास्त पैसे भरले तर हा विलंब कमी होईल असं कुणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नव्या सोसायटीत एकाच कंपनीची तार होती. बिल्डरनं तारा न्यायचं डक्ट त्यांनाच दिलं होतं. "आपल्याकडे त्यांचंच आहे ताई, सगळ्यांनी तेच घेतलंय," सेक्रेटरी काका म्हणाले. वरच्या मजल्यावर घरून काम करणारी एक मुलगी राहते. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "वेग छान आहे हो काकू, पण गुरुवारी लाइट गेली की नेटही जातं." आमच्या भागात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात. तिच्याकडे इन्व्हर्टर आहे, राउटर चालू असतो, तरी नेट बंद.

कारण गच्चीवर सापडलं. कंपनीची फायबर गच्चीवरच्या डब्यापर्यंत येत होती. तिथून खाली घराघरांत साधी लॅनची वायर. डब्यातला स्विच इमारतीच्या विजेवर चालतो, ती गेली की सगळे बसले. खरी फायबर घरापर्यंत आली तर वाटेत प्रकाश वाटून देणारा जो स्प्लिटर असतो, त्याला वीज लागतच नाही. कंपनीच्या केंद्रात बॅटरी हवी आणि आपल्या घरात फायबर जिथं येऊन संपते तो ओएनटीचा डबा चालू हवा, बस. राउटर आणि ओएनटी बहुतेक बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो.

म्हणून मी विक्रीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारू लागले: तार कुठपर्यंत येते? प्लॅन विकणाऱ्या मुलांना ते सांगता येत नव्हतं. तार जोडणाऱ्याला मात्र पक्कं माहीत असतं. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या लाइनमनला मी गाठलं. त्यानं घरापर्यंत फायबर देतो म्हटलं, आणि शब्द पाळला. जोडणी झाल्यावर मीटर लावून तारेतल्या प्रकाशाची ताकद दाखवली: उणे २१ डीबीएम. "उणे २७च्या पलीकडे गेलं की लिंक सुटते मॅडम, पावसाळ्यात पुन्हा बघू," म्हणाला. नंबर देऊन गेला, आणि फोन उचलतो. माझ्या मते नेट निवडायचं ते या माणसाकडे बघून.

त्याआधी त्याची तार आत घ्यायला कमिटीची परवानगी लागली होती. काही जणांना आणखी वायरी नको होत्या. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम केले आहेत. ती माहिती छापून मी सभेत वाचून दाखवली. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं गुरुवारचं सांगितलं. त्यानंतर डक्टमधून दुसरी फायबर घ्यायला कुणी हरकत घेतली नाही.

पैशांचं थोडक्यात. वर्षाचे आगाऊ भरले की जोडणी फुकट, हे सगळीकडे सांगतात. मी जोडणीचे वेगळे दिले आणि एकाच महिन्याचे भरले. नेट कसं आहे ते महिन्याभरात कळतं. फलकावरचा दर जीएसटी सोडून असतो. ५९९च्या प्लॅनला १८ टक्के धरून ७०७ रुपये पडतात. जुन्या घरचा डबा परत करताना पावती घ्या, नाहीतर अनामत अडकते. आणि महत्त्वाच्या कामाला वाय-फायवर राहू नका. मी ओएनटी गाण्याच्या खोलीतच बसवून घेतला, लॅपटॉपला वायर लावते.

घर बघायला जाल तेव्हा तिथल्या दोन बिऱ्हाडांना विचारा की लाइट गेल्यावर नेट राहतं का. आणि तुमच्या इमारतीत एकाच कंपनीला वाट दिलेली असेल, तर येत्या सभेत दुसरीसाठी डक्ट उघडण्याचा ठराव नक्की मांडा.