मनगटावरची हजेरी

एखाद्या यंत्राच्या उपयुक्ततेचा विचार करताना आपण त्याच्या अंगचे गुण मोजीत बसतो. परंतु ज्याच्या हाती ते यंत्र जावयाचे, त्याला दिवसभरात कोणकोणती कामे उरकावी लागतात, याची मोजदाद मात्र क्वचितच करतो. सिमचे स्मार्टवॉच स्मार्टफोनची जागा घेईल काय, हा प्रश्न महानगरातील दुकानाच्या काचेसमोर एका रीतीने सुटत असेल. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांधीत उभे राहून तोच विचारला असता त्याचे स्वरूप पालटते, आणि मला तर वाटते की त्याची खरी परीक्षा येथेच होते.

घड्याळाची बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. मनगटावरून बोलण्याची कल्पना जुनी आहे. डिक ट्रेसी या अमेरिकन चित्रकथेतील गुप्त पोलिसाच्या मनगटावर 1946 सालीच दुतर्फा बोलता येणारा रेडिओ अवतरला होता. तो प्रत्यक्षात येण्यास दोन पिढ्या जाव्या लागल्या. सॅमसंगने 2014 साली सिम घातलेले घड्याळ विकावयास काढले, ॲपलने 2017 च्या सप्टेंबरात आपले आणले, आणि 2018 च्या मे महिन्यात ते जिओ व एअरटेल यांच्यामार्फत भारतात दाखल झाले. त्याच्या आतले ई-सिम फोनचाच क्रमांक चालविते. त्यामुळे फोन घरी राहिला तरी घरच्यांची हाक मनगटापर्यंत पोचते. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली म्हणजे या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पाय चिखलात, दोन्ही हात पऱ्ह्यांत, म्हणजे धानाच्या रोपांत, गुंतलेले, आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दूर धुऱ्यावर ठेवलेला, अशा स्थितीत तो वाजला, तर हात धुऊन तेथवर पोचेपर्यंत तो थांबलेला असतो. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली आणि वृद्ध आईवडील साकोली-लाखनीकडे घर राखून राहिलेले, अशा कुटुंबांनाही घड्याळाचा आधार वाटावा. कारण माणूस जोरात पडला आणि पुढे हालचाल करीना, तर आपण होऊन मदतीचा फोन लावण्याची सोय काही घड्याळांत 2018 पासून आहे. अंगणातल्या खाटेवर फोन विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही सोय क्षुल्लक म्हणता येणार नाही.

परंतु फोनपासूनच्या या स्वातंत्र्याची मर्यादा लवकरच दिसून येते. ॲपलने आपल्या त्या पहिल्या सिमच्या घड्याळास 18 तासांच्या बॅटरीचे आश्वासन दिले; पण स्वतःच्या मोबाइल जोडणीवर बोलणे चालेल ते सुमारे 1 तास, असेही त्यानेच नमूद केले होते. यात निर्मात्याचा दोष थोडा आणि पदार्थविज्ञानाचा अधिक आहे. एवढ्याशा पेटीत बॅटरी लहानच बसणार, अँटेना तोकडीच राहणार, आणि टॉवर जितका दूर, तितका जोर लावून यंत्राला आपला संदेश पाठवावा लागणार. म्हणजे कोका किंवा नागझिऱ्याच्या रानाकडे, जेथे एकट्या माणसाला त्याची सर्वाधिक गरज भासावी, तेथेच ते सर्वांत लवकर थकावे, अशी ही विपरीत योजना आहे. शिवाय ॲपलचे घड्याळ प्रथम चालू करावयाचे तर आयफोन लागतोच. जुन्या मध्यप्रांतात 1951 साली मालगुजारी संपेपर्यंत कुळाने जमीन कितीही कसली तरी सारा भरावयाचा तो मालगुजाराच्या हातूनच. फोनपासून मुक्त म्हणविणाऱ्या घड्याळाची वहिवाटही आज फोनच्या दप्तरातूनच चालते.

याहून मोठी अडचण कामाच्या स्वरूपात आहे. बोलणे हे फोनचे आद्य कर्तव्य खरे. परंतु गेल्या काही वर्षांत सरकार-दरबाराने आणि बाजाराने त्यावर इतर कर्तव्यांचा एवढा बोजा चढविला आहे, की खेड्यातला फोन ही आता एक छोटी कचेरी झाली आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तलाठ्याने बांधावर येऊन पिकाची नोंद घ्यावी, ही रीत बदलून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे, स्थानासह ते पाठवावे, अशी योजना झाली. ती नोंद सातबाऱ्यावर चढली नाही, तर सरकारच्या आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर धान विकताना खोळंबा ठरलेला. आता बहुतेक घड्याळांना कॅमेरा नसतो, आणि असला तरी बोटभर पडद्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि सिंचनाचा प्रकार भरीत बसणे कोणाला साधणार? तुमसरच्या बाजारातले क्यूआरचे चौकोन, दाखल्यासाठी मागितली जाणारी कागदपत्रांची छायाचित्रे, मुलांचा शाळेचा अभ्यास, या सर्वांना डोळाही लागतो आणि ऐसपैस पडदाही. ओटीपीचे आकडे तेवढे घड्याळ दाखवील. ते भरावयाचे मात्र दुसरीकडे.

आणखी एक गोष्ट शहरातील जाणकारांच्या ध्यानी सहसा येत नाही. साध्या घरात फोन हा एकाच माणसाचा नसतो. सकाळी तो बापाच्या खिशात, दुपारी आईजवळ, रात्री मुलीच्या पुस्तकाशेजारी असतो. एका उपकरणावर अवघे बिऱ्हाड चालते. मनगटाला बांधलेल्या वस्तूला असे घरभर फिरता येत नाही.

मग घड्याळ खरोखर कोणाला पुरते? ज्याला स्वतः काही करावयाचे नसून केवळ सापडावयाचे असते, त्याला. या उत्तराचा पुरावा फार दूर नाही. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरील नागपूर शहरात महानगरपालिकेने काही वर्षांपूर्वी हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे चढविली. नेमून दिलेल्या हद्दीत कामगार केव्हा आला, केव्हा बाहेर पडला, याचा हिशेब त्यांतून वरिष्ठांना मिळावा आणि पगार त्या हिशेबाशी जोडला जावा, असा उद्देश होता. खोट्या हजेऱ्यांचा जुना रोग पाहता प्रशासनाची बाजू अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि क्षणोक्षणी कोणीतरी आपल्याला पाहत आहे, या जाणिवेने कामगारांत, विशेषतः स्त्रियांत, जी अस्वस्थता उत्पन्न झाली, तीही निराधार नव्हती. पूर्वीचा मुकादम सकाळी हजेरी घेऊन निघून तरी जात असे. मनगटावरचा मुकादम दिवसभर हलत नाही.

येथे दोन उपकरणांतील भेद मला आकारापेक्षा खोल वाटतो. फोन हातात घेतला की माणूस काहीतरी मागतो, पाठवितो, नोंदवितो, प्रसंगी अन्यायाचे छायाचित्र काढून जगापुढे ठेवतो. आणि नकोसा झाला तर तो धुऱ्यावर ठेवून मोकळ्या हातांनी बांधीत उतरतो. घड्याळ हाक ऐकवते, आज्ञा पोचविते, नाडीचे ठोके आणि चाललेली पावले मोजते. बोलण्यापलीकडे माणसाने आपण होऊन काही करावे, असा वाव त्याच्या चिमुकल्या पडद्यावर फारच थोडा. ज्याच्या पदरी फोन आहे आणि ज्याने स्वेच्छेने त्याला काही काळ दूर सारले आहे, त्या सुखवस्तू माणसाला घड्याळ विरंगुळा देते. ज्याच्यापाशी फोनच नाही, त्याच्या हातात घड्याळाने दुसऱ्याच्या सोयीखेरीज फारसे काही पडत नाही.

तेव्हा ऐपत असलेल्यांनी घड्याळ फोनच्या जोडीला खुशाल बांधावे. वृद्धांसाठी तर अवश्य बांधावे, मात्र त्यांना विचारून. आणि कोणी मालक किंवा कचेरी ते फुकट बांधून देऊ लागली, तर त्यातली माहिती कोण पाहणार आणि काम संपल्यावर ते उतरविता येईल काय, हे आधी लेखी मागावे. एकच उपकरण परवडत असेल, तर आजच्या घटकेला भंडारा जिल्ह्यातील माणसाने फोनच घ्यावा.