शून्य अंशावरून

पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्राच्या दुप्पट तेजस्वी असेल, असा आपला सरळ हिशोब. प्रत्यक्षात तो सुमारे दहापट तेजस्वी असतो. चंद्राची जमीन खडबडीत आहे. सूर्य आपल्या पाठीशी असला की प्रत्येक खडा स्वतःची सावली स्वतःच्याच मागे लपवतो. कोन वाढला की सावल्या दिसू लागतात. विमान उतरताना त्याच्या सावलीभोवती शेतात उजळ ठिपका पळताना दिसतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लघुग्रहांचंही तसंच. सूर्य, लघुग्रह आणि आपण यांच्यातला कोन म्हणजे कला-कोन. १९५६ साली टॉम गेरल्स यांनी मस्सालिया या लघुग्रहाबाबत दाखवलं, की हा कोन शून्याजवळ येताना शेवटच्या काही अंशांत तेज एकदम उसळी घेतं. कोनाबरोबर रंगही बदलतो: कोन वाढला की बरेच लघुग्रह किंचित लालसर दिसतात. पंचाईत अशी, की सौरवाऱ्याच्या माऱ्याने जुना झालेला खडकही लालसर होतो. कोन माहीत नसेल, तर लाली वयाची की बघण्याच्या जागेची, हे कसं ठरवणार?

मी दिवसभर कंपनीचा डेटा सांभाळते आणि सुटीच्या दिवशी लघुग्रहांच्या सार्वजनिक याद्या उघडून बसते. त्यात ‘एच’ नावाचा एक रकाना असतो: लघुग्रह सूर्यापासून आणि आपल्यापासून प्रत्येकी एक खगोलीय एकक अंतरावर असेल आणि कोन शून्य असेल, तर त्याची प्रत किती? कागदावर आकृती काढून पाहा. या अटी पाळायच्या तर बघणाऱ्याला सूर्याच्या केंद्रात उभं राहावं लागेल!

म्हणजे हा आकडा कोणीच कधी पाहिलेला नाही. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या मोजमापांवर वक्र बसवून तो काढतात. तरी लघुग्रहाच्या आकाराचा अंदाज त्यावरूनच बांधला जातो. ‘एच’ ०.३ ने चुकला, तर व्यास सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो आणि घनफळ जवळजवळ ५० टक्क्यांनी. पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडाच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही.

ऑफिसात वर्षातून एकदा माझाही असा आकडा निघतो. सगळ्या टीम एका वक्रावर बसवतात, त्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. कोणी कुठून पाहिलं, हे त्यात उरत नाही.

आकडा नकोच, असं मी म्हणणार नाही. तुलना करायची तर एक समान जागा मानावीच लागते, मग ती सूर्याच्या पोटात का असेना. पण खगोलशास्त्रज्ञ मूळ निरीक्षणं फेकून देत नाहीत. जमीन किती खडबडीत, किती काळी, हे त्या वक्राच्या चढउतारावरूनच कळतं. कोन म्हणजे पुसून टाकायची अडचण नव्हे, तीही माहितीच आहे.

तेवढा एक रकाना आमच्या तक्त्यातही हवा होता.